पेट्रोलची गाळणी आणि चाकांवरचं घर

मोटारीच्या इतिहासावर लिहिणारे लोक इंजिनावर लिहितात, डिझाइनवर लिहितात, हेन्री फोर्डवर तर ढिगाने लिहितात. पेट्रोल फिल्टरवर कुणी लिहीत नाही. साहजिकच आहे म्हणा, अंगठ्याएवढी वस्तू, किंमत किरकोळ, आणि ती नीट काम करत असते तोवर ती आहे हेसुद्धा कुणाला आठवत नाही. आमच्या धंद्यात लॉग फाइल्सचं असंच असतं. पण मागे अमेरिकेतल्या जुन्या मोटरहोमबद्दल वाचताना लक्षात आलं की या गाळणीची जागा कुठे कुठे सरकत गेली एवढंच बघितलं, तरी तिथल्या पेट्रोलची शंभर वर्षांची गोष्ट सांगता येते. म्हणून आजचा हा लेख.

आधी मोटरहोम म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे हा प्रकार फारसा दिसत नाही. गाडीला मागून जोडून ओढतात तो ट्रेलर. मोटरहोम म्हणजे घर आणि इंजिन एकाच चेसिसवर. ड्रायव्हरच्या सीटमागे दोन पावलांवर ओटा, फ्रिज, पलंग, संडास, सगळं. १९१५ साली रोलंड कॉंकलिन नावाच्या न्यूयॉर्ककडच्या एका बस कारखानदाराने आपल्या कुटुंबासाठी दुमजली 'जिप्सी व्हॅन' बांधली आणि बायकामुलांसकट सॅन फ्रान्सिस्कोचं प्रदर्शन बघायला निघाला. पण अशा गाड्या म्हणजे एकेका श्रीमंताची हौस. मध्यमवर्गाच्या आवाक्यात मोटरहोम आलं ते १९६० च्या दशकात. मिशिगनमध्ये रे फ्रँकने डॉजच्या चेसिसवर घरं बांधून विकायला सुरुवात केली आणि 'मोटर होम' हा शब्दही बहुधा त्याच्यामुळेच रुळला. मग १९६६ साली आयोवातल्या फॉरेस्ट सिटी या छोट्या गावातल्या विनेबेगो कंपनीने असेंब्ली लाइनवर मोटरहोम काढायला घेतली आणि किमती धाडकन खाली आणल्या. थोड्याच वर्षांत अमेरिकन लोक कुठल्याही मोटरहोमला सर्रास 'विनेबेगो' म्हणायला लागले, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं.

आता गाळणीकडे वळू. मोटारी नव्या होत्या तेव्हा पेट्रोल किराणा दुकानातून, डब्यातून यायचं. त्यात पाणी, गंज, वाळू, काय वाट्टेल ते असायचं. जाणते मोटारवाले टाकीत पेट्रोल ओततानाच नरसाळ्यात मऊ कमावलेलं चामडं धरून गाळायचे. चामड्यातून पेट्रोल जातं, पाणी वरच राहतं. म्हणजे पहिली गाळणी गाडीत नव्हतीच, मालकाच्या हातात होती! फोर्डच्या मॉडेल टी मध्ये (१९०८ ते १९२७) पेट्रोल पंपसुद्धा नव्हता. टाकी सीटखाली, कार्ब्युरेटर त्याहून खाली, पेट्रोल आपलं आपण उतरणार. टाकीत कमी असेल आणि चढ तीव्र असेल तर पेट्रोल पुढे पोचायचंच नाही, मग लोक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. १९२० च्या दशकाच्या शेवटी इंजिनाच्या कॅमवर चालणारा यांत्रिक पंप आला. त्याला काचेची छोटी वाटी असायची. गाळ आणि पाणी वाटीच्या तळाशी बसायचं आणि बाहेरूनच दिसायचं. स्क्रू सैल करायचा, वाटी काढायची, पुसायची, परत लावायची. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात इतकं प्रामाणिक डिझाइन पुन्हा झालं नाही. बिघाड होण्याआधी तो डोळ्याला दिसतो, याहून जास्त काय पाहिजे?

काचेची वाटी हळूहळू गेली. काच फुटते, आणि आग लागली की तडकते. तिच्या जागी फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून घड्या घातलेला कागद आला. घड्यांमुळे छोट्या डबीत भरपूर क्षेत्रफळ मावतं, आणि गाळणही जाळीपेक्षा कितीतरी बारीक होतं. पण तो आतून किती भरलाय ते मात्र दिसत नाही.

आणि आता खरी गोष्ट. १९७३ साली जनरल मोटर्सच्या जीएमसी विभागाने स्वतःचं मोटरहोम बाजारात आणलं. तोपर्यंत मोटरहोम म्हणजे ट्रकच्या चेसिसवर ठेवलेलं खोकं. हे तसं नव्हतं. इंजिन आणि गिअरबॉक्स ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या कारमधून उचललेले, ४५५ घन इंच म्हणजे जवळजवळ साडेसात लिटरचं व्ही-८, आणि चक्क फ्रंट व्हील ड्राइव्ह. मागे जाणारा दांडा नाही, मागे आडवा अॅक्सल नाही, चार छोटी चाकं हवेच्या फुग्यांवर. त्यामुळे फरशी एकदम खाली आणि गाडी बुटकी. अॅल्युमिनियम आणि फायबरग्लासचं गोलाईचं अंग, पुढे भलीमोठी काच. आजही फोटो बघितला तर ही गाडी पन्नास वर्षांपूर्वीची वाटत नाही. (१९८१ च्या 'स्ट्राइप्स' या विनोदी सिनेमात लष्कराचं गुप्त लढाऊ वाहन म्हणून हीच गाडी वापरली होती.)

हिच्यात पेट्रोल किती? दोन टाक्या, प्रत्येकी २५ गॅलन. एकूण १९० लिटरच्या आसपास. आणि मायलेज गॅलनला ८ ते १० मैल, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला साधारण ३.५ ते ४ किलोमीटर. गाडी बाजारात आली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल बंद केलं. कच्च्या तेलाची किंमत काही महिन्यांत तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेली, पंपांवर रांगा लागल्या, जानेवारी १९७४ मध्ये साऱ्या देशात ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता. तरीही जीएमसीने १९७८ पर्यंत गाडी चालू ठेवली आणि एकूण १२,९२१ काढल्या. जनरल मोटर्सच्या हिशेबात हा आकडा म्हणजे चिल्लर. पण त्यातल्या पुष्कळ गाड्या आजही रस्त्यावर आहेत, मालकांचे क्लब आहेत, मेळावे भरतात. आणि त्या मेळाव्यांत ज्या विषयावर कायम चर्चा झडते तो म्हणजे इंजिनापर्यंत पेट्रोल न पोचणं.

आता फिल्टर बदलायचा म्हणजे काय करायचं ते नीट बघू, कारण गंमत इथेच आहे. या इंजिनावर रोचेस्टर क्वाड्राजेट नावाचा कार्ब्युरेटर होता. पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरमध्ये जिथे शिरते तिथे एक इंचाचा मोठा नट, आणि त्या नटाच्या आत फिल्टर. त्याच्या मागे एक स्प्रिंग. स्प्रिंग फिल्टरला नटावर दाबून धरते. फिल्टर पूर्ण तुंबला तर पंपाचा दाब स्प्रिंगला मागे रेटतो आणि पेट्रोल न गाळताच आत जातं. म्हणजे कचरा गेला तरी चालेल पण गाडी रस्त्यात बंद पडू नये, असा तो निर्णय. आमच्याकडे याला 'फेल ओपन' म्हणतात आणि त्यावरून अर्धा अर्धा दिवस मीटिंगा होतात. इथे एका स्प्रिंगमध्ये विषय संपलाय.

बदलायची पद्धत कागदावर सोपी. छोटा नट एका पान्याने फिरवायचा, मोठा नट दुसऱ्या पान्याने घट्ट धरून ठेवायचा, नाहीतर स्टीलची नळी पिळवटते. मग मोठा नट काढायचा. स्प्रिंग उडते ती पकडायची. नवा फिल्टर, नवी गॅस्केट, परत आटे. आणि खरा धोका या आट्यांतच आहे. कार्ब्युरेटरचं अंग मऊ ओतीव धातूचं, नट स्टीलचा. नट जरासा तिरका बसला, किंवा 'अजून थोडं' म्हणून आवळला, की आटे गेले. आटे गेले की थेंब गळतो, आणि खाली असतो तापलेला मॅनिफोल्ड.

साध्या कारमध्ये हे सगळं बॉनेट उघडून, मोकळ्या हवेत होतं. जीएमसी मोटरहोममध्ये या इंजिनाचं झाकण पुढच्या दोन सीट्सच्या मागे, गालिच्याखाली, फरशीत आहे. म्हणजे झाकण उघडून फिल्टर काढायचा तो दिवाणखान्यात बसून! नळीतलं उरलेलं वाटीभर पेट्रोल सांडतं ते तुमच्या घरात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीवरून सरकत जाते. आणि चार-पाच फुटांवर काय असतं? गॅसवर चालणारा फ्रिज.

हा फ्रिज समजून घेण्यासारखा आहे. १९२२ साली स्टॉकहोममध्ये बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी उष्णतेवर चालणारा, काहीही न फिरणारा फ्रिज शोधून काढला. अमोनिया, पाणी, हायड्रोजन आणि एक छोटी ज्योत. वीज नसलेल्या ठिकाणी याच्यासारखं यंत्र नाही, म्हणून मोटरहोमवाल्यांनी तो उचलला. पण याचा अर्थ असा की मोटरहोममध्ये कुठेतरी एक ज्योत दिवसरात्र जळत असते. म्हणून या गाड्यांवर काम करताना पहिली पायरी पाना हातात घेणं ही नसते. आधी प्रोपेन बंद करायचा, फ्रिज आणि गिझरच्या ज्योती विझल्यात हे डोळ्यांनी बघायचं, बॅटरी तोडायची, दारं-खिडक्या उघडायच्या, इंजिन गार होऊ द्यायचं, अग्निशामक हाताशी ठेवायचा. मग पाना. फायबरग्लास आणि फोम एकदा पेटले की बाहेर पडायला मिनिटंच मिळतात, तासभर नाही. कारला आग लागली तर कार जाते. इथे घर जातं, आणि रात्रीची वेळ असेल तर आत झोपलेली माणसं असतात.

बरं, फिल्टर तुंबलाय हे कळतं कसं? सपाट रस्त्यावर कळतच नाही. चढावर कळतं. कागदातून पेट्रोल जितकं जास्त वाहायला बघेल तितका दाब कमी होतो. सपाटीला इंजिनाची भूक थोडी असते, भागून जातं. डेनव्हरहून पश्चिमेला निघून इंटरस्टेट ७० च्या चढाला लागलात की पाच-सहा टनांची गाडी वर ओढताना भूक कितीतरी पटींनी वाढते. योगायोग बघा, तिथला आयझेनहॉवर बोगदा १९७३ सालीच सुरू झाला, जवळजवळ ३४०० मीटर उंचीवर. म्हणजे या गाड्यांना तुंबलेला फिल्टर दाखवायला त्याच वर्षी एक झकास जागा तयार झाली.

उंचीचा आणखी एक घोळ आहे. पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नव्हे, शेकडोंचं मिश्रण, आणि त्यातले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात. यांत्रिक पंप इंजिनावर, टाकी लांब मागे. म्हणजे पंप पेट्रोल ढकलत नाही, ओढतो. ओढताना नळीतला दाब हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, आणि कमी दाबात उकळबिंदू आणखी खाली येतो. ३४०० मीटरवर हवेचा दाबच मुळात समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. त्यात कुणी पंपाच्या आधी जादा फिल्टर टाकला असेल आणि तो अर्धा भरला असेल, तर नळीत पेट्रोलऐवजी बुडबुडेच येतात. हाच तो व्हेपर लॉक. अर्धा तास गाडी थांबवली की आपोआप सुटतो, म्हणून मेकॅनिककडे जाईपर्यंत सगळं आलबेल! जुने अमेरिकन लोक यावर पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचे. आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात प्रीमियर पद्मिनीच्या पंपावर ओलं फडकं टाकायचे. फडक्यामागे निदान बाष्पीभवनाचं शास्त्र तरी आहे. चिमट्यांमागे काय आहे ते चिमटे लावणाऱ्यांनाच माहीत :)

जीएमसी मोटरहोमवाल्यांना अनेकदा वाटायचं की आपल्या गाडीचं डिझाइन चुकलंय. माझं मत असं की निम्मी चूक गाडीची आणि निम्मी पेट्रोलची. पेट्रोल बदलत होतं. १९७५ च्या मॉडेल्सपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, त्यांना शिसं चालत नाही, म्हणून शिसं कमी होत गेलं (रस्त्यावरच्या गाड्यांसाठी पूर्ण बंदी १९९६ साली, आपल्याकडे २००० साली). शिशाने मिळणारा ऑक्टेन दुसरीकडून आणायचा तर ब्युटेन स्वस्त पडतं. ब्युटेन म्हणजे आणखी हलका, आणखी लवकर उकळणारा घटक. १९८० च्या दशकात पेट्रोल इतकं उडतं झालं की धुरक्याच्या भीतीने सरकारला १९८९ पासून उन्हाळ्यातल्या पेट्रोलच्या बाष्पदाबावर मर्यादा घालावी लागली. १९७२ च्या पेट्रोलसाठी आखलेली नळी १९८५ चं पेट्रोल ओढत होती. इनपुटचा फॉरमॅट बदलला आणि पार्सर जुनाच राहिला, तर दोष पार्सरला द्यायचा का?

मग इथेनॉल. १९७८ साली, जीएमसी मोटरहोमच्या शेवटच्या वर्षी, अमेरिकन संसदेने मक्यापासूनच्या अल्कोहोलचं पेट्रोल करात सवलत देऊन पुढे ढकललं. २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी ते जवळपास सक्तीचंच केलं, आणि आता तिथल्या पंपांवर मिळणाऱ्या बहुतेक सगळ्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की दोघं मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. ते जुन्या टाकीतला चिकट थर सोडवतं. आणि १९७० च्या दशकातलं रबर त्याच्यापुढे टिकत नाही, आतून कुजतं. या सगळ्याचा हिशेब शेवटी एकाच जागी लागतो. अशा गाडीचा जुना फिल्टर कापून बघितला तर लाल गंज टाकीचा, काळे कण रबराचे आणि तपकिरी वार्निश सडलेल्या पेट्रोलचं. आपल्याकडेही आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आलंय, तेव्हा जुनी कार्ब्युरेटरवाली बाइक सांभाळणाऱ्यांनी रबरी नळ्या आणि तो पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर अधूनमधून बघावा.

मोटरहोमच्या बाबतीत याला एक खास पैलू आहे. कार रोज चालते, मोटरहोम वर्षातले आठ-नऊ महिने उभं असतं. ऑक्टोबरमध्ये झाकून ठेवलं की एप्रिलमध्ये बाहेर. तेवढ्यात टाकीतलं पेट्रोल ऑक्सिडाइज होऊन त्याचा डिंक होतो आणि रिकाम्या भागात दव धरून गंज चढतो. त्यामुळे मॅन्युअलमधलं 'इतक्या मैलांनी बदला' हे मोटरहोमला लागूच पडत नाही. दहा वर्षांत वीस हजार मैल चाललेल्या गाडीचा फिल्टर मैलांनी तरुण आणि वयाने म्हातारा असतो. इथे कॅलेंडर बघायचं.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्युएल इंजेक्शन आलं आणि गाळणी पुन्हा हलली. कार्ब्युरेटरला चौरस इंचाला ५-७ पौंड दाब पुरायचा. इंजेक्शनला, प्रकारानुसार, ३० ते ६०. आता पंप टाकीत गेला, ओढण्याऐवजी ढकलायला लागला, आणि व्हेपर लॉकचा प्रश्न बहुतांशी मिटला. फिल्टर कार्ब्युरेटरमधून निघून चेसिसच्या बाजूला, गाडीखाली आला, बंद धातूच्या डबीत. दिवाणखान्यातून पेट्रोल गेलं हे उत्तमच झालं. पण डबीतला दाब इंजिन बंद केल्यावरही राहतो. नुसती नळी सोडली तर पिचकारी थेट तोंडावर. म्हणून आधी पंपाचा फ्यूज काढायचा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्यायचं आणि मग हात घालायचा. फोर्डच्या नळ्यांना आटेच नाहीत, आत स्प्रिंगचं कडं असतं आणि ते उघडायला प्लास्टिकचं वेगळं हत्यार लागतं. किरकोळ किमतीचं, पण ते नसेल तर काम होत नाही. फोर्डच्या मोठ्या चेसिसवर ७५ गॅलनची, म्हणजे २८० लिटरच्या वरची टाकी असते. फिल्टर टाकीपेक्षा खाली असला की नळी सोडल्यावर पेट्रोल सायफनने येतच राहतं, बादली भरली तरी थांबत नाही. म्हणून हे काम टाकी जवळजवळ रिकामी असताना करायचं. डबीवर प्रवाहाचा बाण असतो, तो इंजिनाकडे.

अशा बहुतेक गाड्यांत विजेसाठी जनरेटरही असतो, आणि तो पेट्रोल मुख्य टाकीतूनच घेतो. त्याची नळी मुद्दाम आखूड ठेवलेली असते, टाकी पावपर्यंत आली की जनरेटर उपाशी, म्हणजे रात्रभर एसी लावून झोपलात तरी सकाळी पंपापर्यंत पोचण्यापुरतं पेट्रोल उरतं. किती साधं आणि किती विचारपूर्वक! त्याला स्वतःचा वेगळा फिल्टर असतो, आणि तो बदलायचा असतो हे मालकांना माहीतच नसतं.

शेवटचा टप्पा आताचा. २००० नंतर अनेक गाड्यांत फिल्टरही पंपासोबत टाकीच्या आतच गेला. कंपन्या त्याला 'लाइफटाइम' म्हणतात. कुणाच्या लाइफचा टाइम ते लिहिलेलं नसतं. सांधे कमी, गळती कमी, आगी कमी, हे खरंच आहे, आणि आगीचा विचार करता मी या बदलाच्या विरोधात बोलणार नाही. पण चामड्याच्या तुकड्यापासून निघालेली गाळणी काचेच्या वाटीतून, कार्ब्युरेटरच्या नटातून, चेसिसवरून सरकत सरकत आता अशा जागी पोचली आहे की ती बघायची तर आधी टाकी उतरवावी लागते.

जीएमसी मोटरहोमवाले मात्र उलट्या दिशेने चाललेत. त्यांच्यातल्या अनेकांनी इंजिनावरचा यांत्रिक पंप काढून टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवलेत, इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या नळ्या ओढल्यात, काहींनी तर कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन लावलंय. आणि फिल्टर? तो चेसिसवर बाहेरच्या बाजूला, गाडीखाली आडवं पडलं की हात पोचेल असा. दोन जादाचे फिल्टर ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये, चमच्यांच्या शेजारी.